लाल बटू ताऱ्यांच्या ज्वाला वर्णपटात कशा टिपायच्या: बेळगाव सीमाभागातल्या निरीक्षकांसाठी

फेब्रुवारीच्या अखेरीस, रात्री पाऊणच्या सुमारास, बेळगावात मघेचा विळा जवळजवळ डोक्यावर आलेला असतो. त्या विळ्यातला अल्जिबा हा ठळक तारा शोधा. त्याच्यापासून जेमतेम ५ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एडी लिओनिस नावाचा लाल बटू तारा आहे. त्याची दृश्यप्रत साधारण ९.३, म्हणजे नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नाही. अंतर मात्र अवघं १६ प्रकाशवर्षं. या ताऱ्यावर सूर्यावरच्या सगळ्यात मोठ्या ज्वालांना मागे टाकतील अशा ज्वाला उठतात आणि त्यांचा वर्णपट २० सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून घरच्या गच्चीवरून किंवा शेतातून घेता येतो.

मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणींवर एकाच ताऱ्यासाठी लागोपाठ रात्री मिळणं अवघड असतं. जुन्नरजवळच्या गिरवलीची २ मीटरची दुर्बीण असो की लडाखमधल्या हानलेची, वेळ मागणारे खूप आणि रात्री मोजक्याच. ज्वाला तर सांगून येत नाही. म्हणून लहान दुर्बीण आणि भरपूर वेळ असलेल्या माणसाचं काम इथे खरंच उपयोगी पडतं. त्यात आपलं रेखांश ७४.५ अंश पूर्व. युरोपातल्या निरीक्षकांची संध्याकाळ व्हायच्या आत आपल्याकडे चार-पाच तासांचं निरीक्षण होऊन गेलेलं असतं. ती मधली पोकळी भरून काढणं हे इथल्या माणसाचं हक्काचं काम आहे असं मला वाटतं.

माझा आग्रह एकच आहे. ज्वालेच्या मागे धावू नका. आधी तारा शांत असताना त्याचा वर्णपट कसा असतो ते पक्कं ओळखा आणि मग तोच तारा, त्याच साहित्याने, त्याच पद्धतीने रात्रीमागून रात्र बघत राहा. पुढचं सगळं या आग्रहाभोवतीच आहे.

ज्वाला वर्णपटात कशी दिसते

लाल बटू म्हणजे एम वर्गाचे तारे, पृष्ठभागाचं तापमान साधारण २,५०० ते ३,८०० केल्विन. आकाशगंगेतल्या दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन याच जातीचे. त्यातले तरुण तारे वेगाने फिरतात. सूर्याला स्वतःभोवती एक फेरी मारायला विषुववृत्ताजवळ सुमारे २५ दिवस लागतात, एडी लिओनिसला फक्त २.२ दिवस. आत वायूचं जोरदार अभिसरण आणि वर हा वेग, यामुळे चुंबकीय क्षेत्र फार ताकदवान होतं. चुंबकीय रेषा पिळवटत जातात, एका क्षणी तुटून नव्याने जोडल्या जातात आणि सुटलेल्या ऊर्जेने इलेक्ट्रॉनांचे झोत खालच्या दाट थरांवर आदळतात. ज्वाला म्हणतो ती हीच.

वर्णपटात तिचे टप्पे दिसतात. पहिल्या काही सेकंदांत ते मिनिटांत सलग प्रकाश, म्हणजे रेषांच्या मागची सगळ्या रंगांची अखंड पार्श्वभूमी, वाढतो. त्याचं तापमान साधारण ९,००० ते १०,००० केल्विन असतं, त्यामुळे वाढ निळ्या बाजूला जास्त आणि लाल बाजूला अगदी कमी दिसते. त्याबरोबर हायड्रोजनच्या बामर रेषा उसळतात: आल्फा ६५६२.८ आँगस्ट्रॉमला, बीटा ४८६१.३ ला, गॅमा ४३४०.५ ला (आँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक, मिलीमीटरचा एक कोटीवा भाग). सलग प्रकाश लवकर ओसरतो, हायड्रोजनच्या रेषा मागे रेंगाळतात आणि कॅल्शियमची के रेषा, ३९३३.७ आँगस्ट्रॉमची, आणखी उशिरा शिखर गाठते. हा मागेपुढे होण्याचा क्रम स्वतःच्या आलेखात उमटलेला पाहणं हे या कामातलं सगळ्यात मोठं सुख आहे.

मोठ्या ज्वालेत आणखी एक रेषा बघायची असते: हेलियमची ५८७५.६ आँगस्ट्रॉमची, सोडियमच्या जोडीच्या अगदी शेजारची. या रेषेशी आपल्या भागाचं जुनं नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी जमखंडीहून वर्णपटदर्शक लावून सूर्याच्या कडेवरच्या अग्निशिखांचा वर्णपट पाहिला होता आणि त्यात त्यांना सुट्या ठळक रेषा दिसल्या होत्या. त्या ग्रहणात ठिकठिकाणी पाहिली गेलेली पिवळी-नारिंगी रेषा पुढे हेलियमची ठरली. बेळगावहून जमखंडी काही फार लांब नाही. तीच रेषा आज परक्या ताऱ्याच्या ज्वालेत शोधायची आहे.

कोणता तारा घ्यायचा

पहिल्या वर्षी एकच तारा घ्या, आणि तो एडी लिओनिसच असू द्या. आपल्या अक्षांशावरून, म्हणजे १५.८५ अंश उत्तरेवरून, तो ८६ अंशांपर्यंत चढतो. हवेचा थर त्याहून पातळ मिळणं शक्य नाही. शिवाय जानेवारी ते एप्रिल हा त्याचा काळ नेमका आपल्या निरभ्र रात्रींचा. त्याच्या ज्वाला १९४९ पासून माहीत आहेत आणि १२ एप्रिल १९८५ ची त्याची महाज्वाला चार तासांहून जास्त चालली होती. लहान ज्वाला काही तासांत एखादी तरी येते. मोठीसाठी थांबावं लागतं.

अडचण अल्जिबाची आहे. दुसऱ्या प्रतीचा हा तारा इतका जवळ असल्यामुळे ठिकाण झटकन सापडतं, पण त्याचा विखुरलेला प्रकाश आपल्या मोजणीत शिरतो. ताऱ्याचा प्रकाश अरुंद फटीतून घेऊन वर्णपट काढणारं यंत्र असेल तर ते फिरवून फटीची लांबी अल्जिबाच्या दिशेला आडवी ठेवा. नुसती ग्रेटिंग (बारीक समांतर रेषांनी प्रकाश रंगांत पसरवणारी काच) असेल तर ती अशी फिरवा की अल्जिबाचा वर्णपट एडी लिओनिसच्या वर्णपटावर चढणार नाही. हा कोन एकदा सापडला की दुर्बिणीच्या नळीवर खूण करून ठेवा आणि वर्षभर तोच ठेवा.

दुसरा तारा वायझेड कॅनिस मायनोरिस. प्रश्वा (प्रोसियॉन) या ठळक ताऱ्यापासून २ अंशांवर, प्रत सुमारे ११.२, जानेवारीत मध्यरात्री माथ्याजवळ. एडी लिओनिसपेक्षा हा जास्त खवळलेला, पण मंद, त्यामुळे २५ ते ३० सेंटीमीटरची दुर्बीण असेल तरच. तिसरा ईव्ही लॅसर्टी, प्रत सुमारे १०.२, सरठ तारकासमूहात, आपल्याकडून ६१ अंशांपर्यंत चढणारा. २५ एप्रिल २००८ रोजी स्विफ्ट या उपग्रहाने याचीच एक प्रचंड ज्वाला क्ष-किरणांत टिपली होती. त्याचा उत्तम काळ सप्टेंबर, म्हणजे आपला पावसाळा, पण दिवाळीच्या सुमारास तो रात्री साडेआठ-नऊच्या दरम्यान मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो, तेव्हा गाठावा. एयू मायक्रोस्कोपी ८.६ प्रतीचा, म्हणजे या सगळ्यांत ठळक. तोही पावसाळ्यात जातो आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी दक्षिणेला ४२ अंशांवर थोडाच वेळ मिळतो.

मिथुनेतल्या कॅस्टर ताऱ्याच्या पोटातला वायवाय जेमिनोरम नवख्याने सोडावा, कारण तो ग्रहणकारी जोडतारा आहे आणि ग्रहणाची घट व ज्वालेची वाढ एकमेकांत मिसळतात. सगळ्यात जवळचा प्रॉक्झिमा सेंटॉरी आपल्याकडे क्षितिजावर जास्तीत जास्त साडेअकरा अंश चढतो. त्याचा मोह नको.

साहित्य

स्टार ॲनालायझर १०० सारखी, मिलीमीटरला १०० रेषा असलेली ग्रेटिंग कॅमेऱ्यापुढे लावून सुरुवात करता येते. पिक्सेलमागे किती आँगस्ट्रॉम मिळतील याचा हिशेब सोपा आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, १०,००० ने गुणा आणि रेषांची संख्या गुणिले ग्रेटिंग ते सेन्सर हे मिलीमीटरमधलं अंतर, याने भागा. २.४ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ६० मिलीमीटर अंतर असेल तर ४ आँगस्ट्रॉम येतात. पण खरी मर्यादा हवेची आहे. १,२०० मिलीमीटर नाभीय अंतरावर ३ विकलांची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) ताऱ्याची प्रतिमा सुमारे ७ पिक्सेल व्यापते, म्हणजे प्रत्यक्षात ३० आँगस्ट्रॉमचा तपशील एकत्र होतो. शांत एडी लिओनिसची आल्फा रेषा त्यात जेमतेम एक फुगवटा म्हणून दिसेल. मोठी ज्वाला कळेल, लहान नाही. वर्णपट म्हणजे काय ते हाताला कळावं म्हणून ग्रेटिंग वापरा, मोजणीचं काम फटीच्या यंत्रावर करा.

फटीची तयार यंत्रं मिळतात. ६०० विभेदनक्षमतेचं (तरंगलांबी भागिले यंत्राला वेगळा दाखवता येणारा सगळ्यात लहान फरक) अल्पी ६०० हे त्यातलं सुटसुटीत, त्यात निळ्यापासून लालपर्यंतचा सगळा पट्टा एकाच चित्रात येतो. लिसा हे साधारण १,००० विभेदनक्षमतेचं. ज्यांना स्वतः बांधायची हौस आहे त्यांच्यासाठी ख्रिस्तियान ब्यूल यांचं स्टारएक्स आहे. त्याचे सुटे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापता येतात, भिंगं आणि ग्रेटिंग तेवढी विकत घ्यायची.

इथे बेळगावकरांची एक बाजू जड आहे. परदेशी यंत्र, भलत्याच आट्यांचा कॅमेरा आणि तिसऱ्याच मापाचा फोकसर यांची गाठ घालणारी कडी बाहेरून मागवायची तर आठवडे जातात. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या चांगल्या टर्नरकडे जा. ४२ मिलीमीटर व्यास, पाऊण मिलीमीटर पिच असं स्पष्ट सांगा आणि बरोबर ज्या भागावर ती कडी बसणार तो प्रत्यक्ष न्या. ॲल्युमिनियमवर इतके बारीक आटे पाडताना तो घालून-काढून बघेल तेव्हाच नीट बसतील. कडी आतून काळी आणि चरे पाडलेली हवी, नाहीतर आतल्या चकाकीने वर्णपटात खोटा उजेड येतो. जोडणीत केसभरही खेळ राहू देऊ नका. दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते तसं यंत्र वजनाने झुकतं आणि रेषा सरकतात.

दुर्बीण एफ ५ च्या जवळची, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेली, असावी. १,००० मिलीमीटर नाभीय अंतरावर ३ विकलांची प्रतिमा सुमारे १५ मायक्रॉनची होते आणि २३-२५ मायक्रॉनच्या फटीत आरामात मावते. एफ १० च्या दुर्बिणीत ती २९ मायक्रॉनची होऊन फटीबाहेर सांडते.

माउंटविषयी, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यामागे फिरवणाऱ्या बैठकीविषयी, आपल्या अक्षांशाची एक खास अडचण आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १६ अंशांवर असतो आणि उत्तरेला झाडं, घरं किंवा धुरकट हवा असेल तर दिसतच नाही. माउंट घेण्याआधी तो १६ अंशांपर्यंत खाली झुकतो का, आणि प्रतिभाराची दांडी तिकाटण्याच्या पायाला अडत नाही ना, हे बघून घ्या. ध्रुवतारा दिसत नसेल तर ड्रिफ्ट पद्धतीने (तारा दृष्टिक्षेत्रात कुठे सरकतो ते बघून) किंवा आकाशाचा फोटो ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने अक्ष लावा.

जागा आणि हवा

टिळकवाडी-शहापुराच्या गच्चीवरूनही हे काम होतं, कारण आपण एका लहानशा फटीतला प्रकाश मोजतो आणि शेजारचं आकाश वजा करतो. रस्त्यावरच्या दिव्यांच्या सोडियम रेषा ५८९० च्या आसपास त्रास देतात, आल्फा रेषेला नाही. पण शक्य असेल तर यळ्ळूर-राजहंसगडाकडची शेतं किंवा खानापूरच्या पुढचा मोकळा माळ गाठा. जांबोटी-कणकुंबीकडे आकाश काळं मिळतं, पण तिथलं दव आणि घाटातून चढणारं धुकं थंडीत मध्यरात्रीनंतर सगळं झाकून टाकतं. दुर्बिणीच्या तोंडाला ऊब देणारा पट्टा आणि १२ व्होल्टची बॅटरी नेली नाही तर रात्र फुकट जाते. निपाणी-चिक्कोडीच्या बाजूला ऊस तोडणीच्या हंगामात फडातलं पाचट पेटवतात, त्याचा धूर रात्री खाली बसून राहतो. एप्रिलमध्ये वळिवाचे ढग संध्याकाळी येतात आणि बहुतेकदा दहापर्यंत निवळतात. त्या रात्री पावसाने हवा धुतलेली असते, त्या सोडू नका.

पातळ ढग आणि धूर यांनी घाबरून जाऊ नका. आपण रेषेची समतुल्य रुंदी मोजणार आहोत, म्हणजे रेषा आणि तिच्या शेजारचा सलग प्रकाश यांचं गुणोत्तर. ढगाने दोन्ही सारखेच मंद होतात, गुणोत्तर तेच राहतं, फक्त मोजणीतला गोंगाट वाढतो. नुसती तेजस्विता मोजणाऱ्याला ही सवलत नाही.

सरावाचे तारे

थेट लाल बटूवर जाऊ नका. अभिजितचा वर्णपट घ्या: हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठसठशीत दिसतात, त्यावरून फोकस आणि तरंगलांबी दोन्ही जमतात. मग आर्द्रा घ्या. थंड ताऱ्याच्या वातावरणातल्या टायटॅनियम ऑक्साइडमुळे वर्णपट करवतीच्या दातांसारखा होतो, ७०५४ आँगस्ट्रॉमचा दात त्यात उठून दिसतो. लाल बटूत हेच दात भेटणार आहेत. तिसरा, शर्मिष्ठेतला मधला तारा, गॅमा. त्याची हायड्रोजन आल्फा रेषा काळी नसून उजळ असते. या ताऱ्यातली उजळ हायड्रोजन रेषा अँजेलो सेकी यांनी १८६६ मध्येच पाहिली होती. उजळ रेषा मोजण्याचा सराव यावर करा.

शांत पातळी ठरवणं

आता एडी लिओनिसकडे. त्याची आल्फा रेषा ज्वाला नसतानाही उजळ असते, समतुल्य रुंदी साधारण ३ ते ४ आँगस्ट्रॉम. रूढ पद्धतीत उजळ रेषेची रुंदी ऋण चिन्हाने लिहितात, इथे सोयीसाठी मी चिन्ह सोडलं आहे.

या ताऱ्याला खरी सलग पार्श्वभूमी नसतेच, सगळीकडे टायटॅनियम ऑक्साइडचे दात. म्हणून दोन पट्टे ठरवून घ्यायचे. मी रेषेच्या डावीकडे ६५३० ते ६५५५ आणि उजवीकडे ६५७५ ते ६६०० आँगस्ट्रॉम धरतो, त्यांच्यातून सरळ रेषा काढतो आणि ६५५७ ते ६५७१ दरम्यान त्या रेषेच्या वरचं क्षेत्रफळ मोजतो. तुम्ही दुसरे पट्टे घेतलेत तरी चालेल, पण एकदा घेतलेत की बदलू नका. पट्टे बदलले की आकडा बदलतो आणि जुन्या रात्री नव्या रात्रींशी जुळत नाहीत.

ज्वालेविना गेलेल्या रात्रींना वाया गेलेल्या रात्री समजू नका. तारा २.२ दिवसांत फिरतो, त्यावरचे चुंबकीय प्रदेश समोर येतात आणि मागे जातात, तशी शांत पातळीही हळूहळू वरखाली होते. ही लय माहीत असल्याशिवाय सावकाश चढलेला आकडा ज्वाला आहे की तारा वळला आहे, हे कळणार नाही. वेगवेगळ्या रात्रींची शांत पातळी आणि तिचा पसारा वहीत लिहून ठेवा. ही वही तुमची खरी कमाई.

रात्रीचा क्रम

अंधार पडायच्या आत यंत्र जोडा, म्हणजे सगळे भाग बाहेरच्या तापमानाला येतील. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवा. वेळ नेहमी जागतिक वेळेत लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. पहाटे साडेपाचच्या आधीच्या फ्रेमवर आदल्या दिवसाची तारीख येईल, त्यात गोंधळ होऊ देऊ नका.

तरंगलांबीच्या मापासाठी महागड्या दिव्याची गरज नाही. स्विचबोर्डावर इंडिकेटर म्हणून बसवतात तो निऑनचा लहान दिवा इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. ज्याच्या आत रोधक आहे तोच घ्या, जोडणी बंदिस्त करा, २३० व्होल्टशी उघड्या हाताने खेळू नका. त्याच्या ६५०६.५, ६५३२.९ आणि ६५९९.० आँगस्ट्रॉमच्या रेषा आल्फा रेषेला दोन्ही बाजूंनी धरून असतात. यापेक्षा सोयीचं माप मिळणार नाही. निळ्या बाजूसाठी जुना सीएफएल दिवा लावा, त्यातल्या पाऱ्याच्या ४३५८.३ आणि ५४६०.७ च्या रेषा वापरा. सुरुवातीला एकदा, मग दर अर्ध्या तासाने निऑनची एक फ्रेम घ्या, कारण दुर्बीण वळते तसं माप सरकतं.

एक्स्पोजरवर जरा थांबू या, कारण इथे घाई करणारे आणि लोभ करणारे दोघेही फसतात. २० सेंटीमीटरची दुर्बीण आणि १,००० च्या आसपास विभेदनक्षमता असेल तर एडी लिओनिसला २ ते ३ मिनिटं पुरतात, ईव्ही लॅसर्टीला ५ मिनिटं. वर्णपट सुंदर दिसावा म्हणून १० मिनिटं ठेवली तर काय होतं बघा: ज्वालेचा झटका २ मिनिटांचा असेल आणि त्यात समतुल्य रुंदी ६ आँगस्ट्रॉमने वाढली असेल, तर १० मिनिटांच्या फ्रेममध्ये ती वाढ सरासरीने फक्त १.२ आँगस्ट्रॉम दिसेल. उलट ३० सेकंदांच्या फ्रेममध्ये गोंगाटच जास्त. मोजणीतली चूक अंदाजे अशी काढतात: रेषेची रुंदी गुणिले पिक्सेलमागचे आँगस्ट्रॉम, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.५, भागिले सिग्नल-नॉइज गुणोत्तर (ताऱ्याचा प्रकाश गोंगाटाच्या किती पट आहे ते). ६ आँगस्ट्रॉमची रेषा, पिक्सेलमागे १.५ आँगस्ट्रॉम आणि गुणोत्तर ३० असेल तर चूक ०.१५ आँगस्ट्रॉम. साडेतीन आँगस्ट्रॉमच्या शांत पातळीवर अर्ध्या आँगस्ट्रॉमची वाढ यात स्पष्ट कळते. मला हा समतोल पुरेसा वाटतो.

तारा फटीवर धरून ठेवायला मार्गदर्शक कॅमेरा आणि पीएचडी २ सारखं सॉफ्टवेअर लागतंच. जर्मन पद्धतीचं माउंट असेल तर तारा मध्यमंडल ओलांडतो तेव्हा दुर्बीण उलटवावी लागते. एडी लिओनिस आपल्याकडे जवळपास माथ्यावरून जातो, त्यामुळे कॅमेऱ्याचं शेपूट तिकाटण्याला लागण्याची भीती असते आणि मालिकाही नेमकी मधोमध तुटते. म्हणून मार्चअखेरचे दिवस मला फार आवडतात. तारा पावणेअकराच्या सुमारास मध्यमंडल ओलांडतो. त्यानंतर सुरुवात करायची, अडीचपर्यंत तो ३० अंशांच्या वर असतो आणि मालिका एकसंध मिळते.

जमलं तर शेजारी दुसरी लहान दुर्बीण, ६०-८० मिलीमीटरची, निळ्या गाळणीसह ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाला तेजस्विता मोजा. निळ्यात ज्वाला लालपेक्षा कितीतरी ठळक दिसते. वर्णपटातली उसळी आणि निळ्यातली उसळी एकाच वेळी आली की शंका उरत नाही. दोन मित्रांनी काम वाटून घेतलं तर उत्तम.

रात्र संपताना त्याच तापमानाच्या डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या) आणि पांढऱ्या दिव्याच्या फ्लॅट फ्रेम घ्या. तेजस्वितेचं रंगवार माप हवं असेल तर जवळचा ए वर्गाचा, म्हणजे अभिजितसारखा पांढरा तारा घ्या, ईव्ही लॅसर्टीसाठी ३.८ प्रतीचा अल्फा लॅसर्टी चांगला. नुसत्या आल्फा रेषेच्या समतुल्य रुंदीसाठी तो लागत नाही.

वर्णपट काढणं

डार्क वजा करा, फ्लॅटने भागा, फटीवरच्या ताऱ्याच्या वर-खालचं आकाश वजा करा, निऑनवरून तरंगलांबी बसवा. आयसिस, डेमेट्रा, स्पेकइंटी यांपैकी कुठलंही सॉफ्टवेअर हे करतं, पायथॉन येत असेल तर ॲस्ट्रोपाय आहे. मालिकेतल्या प्रत्येक फ्रेमला तेच नियम लावा. एकेका फ्रेमला हाताने गोंजारू नका.

ही ज्वालाच आहे का

वैश्विक किरण सेन्सरवर आदळला की एक टोकदार ठिपका उमटतो आणि तो नेमका रेषेवर पडला तर उसळी आल्यासारखी वाटते. ओळख अशी: खरी रेषा निऑनच्या रेषेपेक्षा फार अरुंद असत नाही. तारा फटीच्या कडेला सरकला तर प्रकाश घटतो पण गुणोत्तर फारसं बदलत नाही. अल्जिबाचा प्रकाश शिरला तर गुणोत्तर घटतं, कारण त्यात उजळ रेषा नाही. वाढ मात्र करू शकणाऱ्या खोट्या गोष्टी थोड्याच. म्हणून माझी कसोटी अशी: लागोपाठ तीन फ्रेम शांत पातळीच्या वर, मोजणीतल्या चुकीच्या तिप्पट किंवा जास्त, आणि आल्फाबरोबर बीटा रेषाही चढलेली. उतरतानाचा आकार बघा. झटक्यात चढ आणि सावकाश उतार ही ज्वालेची सही आहे.

एक बारकावा. फार मोठ्या ज्वालेत पार्श्वभूमीचा सलग प्रकाशही वाढतो आणि मग समतुल्य रुंदी खऱ्या वाढीपेक्षा कमी दिसते. बीटा रेषेपाशी हे जास्त होतं. निळ्या गाळणीची मोजणी असेल तर ही दुरुस्ती करता येते.

रेषेची निळी बाजू फुगली तर पदार्थ आपल्या दिशेने फेकला गेला असण्याची शक्यता असते. एडी लिओनिसच्याच १९८४ सालच्या एका ज्वालेत गॅमा रेषेच्या निळ्या बाजूवरून सेकंदाला सुमारे ५,८०० किलोमीटर वेगाचं उत्क्षेपण झाल्याचं मांडलं गेलं आहे. १,००० विभेदनक्षमतेला एका टप्प्यात ३०० किलोमीटर येतात, त्यामुळे सावकाश हालचाल आपल्याला दिसणार नाही. वेगवान फुगवटा मात्र दिसू शकतो. असं काही दिसलं तर आधी तरंगलांबीचं माप सरकलं नाही ना, ते शेजारच्या निऑन फ्रेमवरून तपासा.

ऊर्जेचा हिशेब

समजा आल्फा रेषा ३ आँगस्ट्रॉमने वाढली. एडी लिओनिसचा आल्फाजवळचा सलग प्रकाश पृथ्वीपाशी चौरस मीटरला, आँगस्ट्रॉममागे, सुमारे १.१ भागिले १० चा १५ वा घात इतके वॉट असतो. त्याला ३ ने गुणा आणि १६ प्रकाशवर्षं त्रिज्येच्या गोलाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे सुमारे ३ गुणिले १० चा ३५ वा घात चौरस मीटरने गुणा. येतात १० चा २१ वा घात इतके वॉट. ज्वाला अर्धा तास सरासरी निम्म्या ताकदीने चालली तर एकट्या आल्फा रेषेतून १० चा २४ वा घात ज्यूल याच्या किंचित कमी ऊर्जा बाहेर पडली. ही एकूण ऊर्जेचा लहानसा वाटा आहे, बहुतेक ऊर्जा निळ्या, अतिनील आणि क्ष-किरणांत जाते. असे तडाखे शेजारच्या ग्रहाच्या वातावरणाचं काय करतात, हा प्रश्न २०१६ मध्ये प्रॉक्झिमाभोवती ११ दिवसांत फिरणारा ग्रह सापडल्यापासून फार जिवंत झाला आहे. प्रत्येक नीट मोजलेली ज्वाला त्या उत्तरात भर घालते.

पावसाळ्यात काय

जून ते सप्टेंबर खानापूर भागात आकाश दिसायची आशा नको. ग्रेटिंग, कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, बुरशी एका मोसमात भिंग खाते. आणि टेस या उपग्रहाची मोजणी उतरवून घ्या, ती सगळ्यांना मोफत खुली आहे. १८ एप्रिल २०१८ रोजी सोडलेल्या टेसने एयू मायक्रोस्कोपी आपल्या पहिल्या आणि सत्ताविसाव्या सेक्टरमध्ये (एका वेळी बघायच्या आकाशाच्या पट्ट्यात) पाहिला. पायथॉनमधल्या लाइटकर्व्हने ती मोजणी उघडा, ज्वाला स्वतः शोधा, त्यांचे चढ-उतार मोजा. टेस वर्णपट देत नाही, पण ज्वालेचा आकार ओळखायला डोळा तयार होतो.

तुमचे वर्णपट ए.ए.व्ही.एस.ओ. च्या, म्हणजे रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेच्या, वर्णपट संग्रहात पाठवता येतात. फाइल फिट्स या खगोलशास्त्रात रूढ असलेल्या स्वरूपात हवी. तिच्या शीर्षकात ताऱ्याचं नाव, एक्स्पोजरच्या सुरुवातीची जागतिक वेळ, कालावधी, निरीक्षणाचे अक्षांश-रेखांश, दुर्बीण आणि यंत्र यांची नोंद हवी. शांत रात्रींचे वर्णपटही पाठवा. ज्वालेची फ्रेम एकटीच पाठवली तर ती किती वर चढली हे दुसऱ्याला तपासता येत नाही, म्हणून त्या रात्रीची अख्खी मालिका, आधीच्या तासाभरासकट, एकत्र द्या.